तीन अंगणवाड्या बघून आलो

खोडवा, पाचट, हरभऱ्यावरची घाटेअळी यावर लिहिणं चालूच राहील, आज जरा वेगळं.

नातू तीन वर्षांचा झाला. तालुक्याला इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत घालायचा का गावच्या अंगणवाडीत, असा घरात विषय निघाला. सूनबाईला पोराचं चांगलंच व्हावं वाटतंय, तिचं चुकत नाही. पण बियाणं घेताना आपण दोन-चार दुकानं हिंडतो, मग इथं फिरून बघायला काय हरकत? आमच्या ग्रामपंचायतीत तीन अंगणवाड्या आहेत. न सांगता, सकाळी दहाच्या सुमाराला प्रत्येकीत दोनदा गेलो.

गावठाणातली दिसायला झकास. नवी इमारत, भिंतीवर आगगाडी आणि एबीसीडी. पोरं मात्र हाताची घडी घालून गप्प. खेळणी कपाटात, कपाटाला कुलूप. का, तर पोरं मोडतात! अहो, मोडायलाच असतात ती.

मळ्यातली दोन्ही वेळा बंद. मदतनिसाची जागा रिकामी, ताई एकट्या. कधी सर्व्हे, कधी मीटिंग, उरलेला वेळ मोबाइलमध्ये माहिती भरण्यात. त्यांना काय बोलायचं?

ओढ्यापलीकडची वस्तीवरची एका पत्र्याच्या खोलीत भरते. तिथं ताई खाली बसून पोरांकडनं चिंचोके मोजून घेत होत्या. गोष्ट चालू असताना पोरं मध्येच प्रश्न विचारत होती, त्या उत्तर देत होत्या. दर महिन्याचं वजन-उंची लिहिलेली. कुठलं पोर हिरव्या पट्ट्यात, कुठलं पिवळ्यात, हे त्यांना रजिस्टर न उघडता पाठ होतं. आणि ऊसतोड टोळीची पाच पोरं त्याच रांगेत जेवत होती. बाहेरगावच्या पोरांनाही अंगणवाडीचा लाभ देता येतो, कुणीतरी कोपीवर जाऊन त्यांना आणावं लागतं एवढंच. गावठाणाजवळच्या कोपीवरची पोरं दिवसभर फडात असतात. आपला ऊस त्यांचे आईबाप तोडतात, हे तरी ध्यानात ठेवावं.

जेवणाचं सांगतो. तीन ते सहा वर्षांच्या पोराला अंगणवाडीतून रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळायला पाहिजेत, याचा नियम आहे. म्हशीची पेंड आपण मापून घालतो, पोराच्या ताटात किती पडतं ते कधी बघितलंय का?

सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पण त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हे काम उभं केलं होतं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. साधन काय, तर आसपास मिळणारं. वस्तीवरचे चिंचोके बघून मला तेच आठवलं. रोप घेताना आपण मुळी बघतो, ट्रेचा रंग कोण बघतंय?

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आमच्याकडं ते कुठं गेले, हे येत्या ग्रामसभेत विचारणार आहे. उन्हाळ्याच्या आत वस्तीवरच्या पत्र्याखाली छत पाहिजे, मळ्यातल्या मदतनिसाच्या जागेसाठी ठराव करून वर पाठवायला पाहिजे आणि गावठाणातलं ते कपाट उघडायला पाहिजे.

नातू सोमवारपासून वस्तीवर जातोय. घरापासून दीड किलोमीटर पडतं, सोडायला मीच जातो.