दहा नंबर बंद, टाके उघडे

३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबोत शार्दुल ठाकूर भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला, तेव्हा त्याच्या पाठीवर दहा आकडा होता. पालघरहून लोकलने ये-जा करून मुंबईच्या क्रिकेटमध्ये वर आलेला हा गोलंदाज. दहा आकडा त्याने जन्मतारखेवरून काढला होता: १६-१०-१९९१ च्या अंकांची बेरीज अठ्ठावीस, दोन आणि आठ दहा. अंकशास्त्रावर माझा काडीचाही विश्वास नाही, पण त्यात गुन्हा काय होता? लोक मात्र त्याच्यावर तुटून पडले. सचिनचा नंबर घालतोस, तुझी लायकी काय? पुढे शार्दुल ५४ नंबर घालू लागला. त्याच नोव्हेंबरात बातमी आली की क्रिकेट मंडळ दहा नंबर आता कोणाला देणार नाही. २०२३ च्या डिसेंबरात धोनीचा सातही त्याच वाटेने गेला.

क्रिकेटचे पाहून आता बास्केटबॉलवालेही विचारू लागले आहेत की आमच्या जुन्या खेळाडूंच्या जर्सी कधी निवृत्त होणार, आणि कोणाकोणाच्या? प्रश्न रास्त आहे. या खेळातली थोर माणसे आपण इतकी विसरलो आहोत की कोणत्याही निमित्ताने त्यांची आठवण निघाली तर मला हवीच आहे. माझे भांडण आहे ते नंबर बंद करण्याच्या रीतीशी, आणि पात्रता ठरवण्याच्या तिच्या मापाशी.

नंबर बंद करू पाहणाऱ्यांचे पहिले म्हणणे असे की नंबरात त्या खेळाडूचा पराक्रम साठलेला असतो, दुसऱ्याच्या अंगावर तो विटाळतो. मग सचिन काही काळ ३३ नंबर घालून खेळला, त्या धावांचे काय करायचे? गावसकरांच्या पांढऱ्या शर्टावर तर नंबरच नव्हता. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक मिळवले ते कोणत्या नंबराने? आकडा नसला म्हणून त्यांचे काही अडले नाही. उलट मँचेस्टर युनायटेडचा सात पाहा. बेस्टनंतर तो कँटोनाने घातला, मग बेकहॅमने, मग रोनाल्डोने. तो आकडा मोठा झाला तो एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेला म्हणून. बेस्टबरोबरच त्याला कुलूप लावले असते, तर आज तो एका खेळाडूच्या चरित्रातला तपशील उरला असता.

बास्केटबॉलमध्ये तर साधा हिशेबच आड येतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २०१४ पर्यंत संघाला चार ते पंधरा एवढेच नंबर होते. पंच एक, दोन, तीन बोटे दाखवून गुण आणि तीन सेकंदांचा नियमभंग सांगतात, त्यात घोटाळा नको म्हणून सुरुवात चारापासून. खेळाडू बारा, नंबर बारा. त्यातला एक बंद केला की बारावा खेळाडू उघडाच! फुटबॉलमध्ये हा प्रसंग खरोखर आला. २००२ च्या विश्वचषकासाठी अर्जेंटिनाने मॅराडोनाच्या सन्मानार्थ दहा नंबर वगळून यादी पाठवली. फिफाने ती मान्य केली नाही, आणि शेवटी ओर्तेगा दहा नंबर घालून उतरला. मॅराडोनाचे त्यात काही कमी झाले असे मला तरी वाटत नाही.

आता शून्यापासून नव्याण्णवपर्यंतचे नंबर खुले झाले आहेत, तेव्हा एखादा बंद केला तर बिघडते कुठे, असे कोणी म्हणेल. फेडरेशनचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते त्या पोराचे, ज्याला तो नंबर हवा होता आणि ज्याला लायकी विचारली गेली. थोराचा मान राखायचा आणि त्याची किंमत नवख्याने मोजायची, हा व्यवहार मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा: हे अमेरिकेचे फॅड आहे, नावे टांगण्याची आपली रीत नव्हे. असे म्हणणाऱ्यांनी एकदा कामशेतला उतरून पवनानगरच्या रस्त्याने बेडशाला जावे. कार्ल्याला एकवीरेची गर्दी, भाज्याला पावसाळ्यातली. बेडशाच्या चारेकशे पायऱ्या बहुतेक वेळा मोकळ्याच असतात. वर चैत्यगृहाच्या ओसरीत ते उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल व त्यांच्यावरची माणसे. पाहणारे मान वर करून तेवढेच पाहतात आणि परततात. पण त्याच ओसरीत एका खोलीच्या दारावर ब्राह्मी अक्षरांत लिहिले आहे की हे नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याचे दान. पाण्याच्या टाक्यापाशी दुसरा लेख आहे: महाभोजाची मुलगी, अपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका हिचे दान. दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या डोंगरात लोक आपली नावे टांगत होते, तीही दगडात. तेव्हा फॅडचा आरोप इथेच निकाली निघतो.

पण बेडशाचा दाखला जर्सीवाल्यांच्याही विरुद्ध जातो, आणि मला तो त्यासाठीच हवा आहे. सामडिनिकेचे नाव कोरले म्हणून टाक्यावर झाकण पडले नाही. नाव तिचे आणि पाणी येईल त्याचे, असेच मी ते दान वाचतो. पुसणकाच्या खोलीत भिक्षू राहिले. खोली रिकामी ठेवून तिची पूजा करा, असे त्याने लिहवून घेतले नाही.

इथे प्रतिपक्ष मला अडवणार हे उघड आहे. बेडशालाच एक लहान, ओबडधोबड स्तूप आहे आणि तो कोणाच्या वापराचा नाही. तो गोभूती नावाच्या स्थविराचा. मग ती निवृत्त जर्सीच नव्हे का? हो, आहे. पण लेख नीट वाचा. गोभूती रानात राहणारा आणि भिक्षेवर जगणारा होता, असे त्यात सांगितले आहे. कुठल्या वादसभेत त्याने कोणाला हरवले त्याची यादी नाही. आणि स्तूप करवून घेतला तो त्याच्या शिष्याने, असाळमिताने. राजाने नाही, संघाच्या कुठल्या कार्यकारिणीनेही नाही. शिवाय त्या स्तूपासाठी कोणाची खोली काढून घ्यावी लागली नाही, डोंगराला दगडाचा तोटा नव्हता. जर्सीबद्दल मला हेच म्हणायचे आहे. शिष्यांना हवी असेल तर ती टांगा, पण नंबर खेळात राहू द्या.

आता पात्र कोण? फेडरेशनच्या वळणाचे लोक ऑलिंपिकचे माप पुढे करतात. भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकला एकदाच गेला, १९८० साली मॉस्कोला, आणि बारा संघांत बारावा आला. या मापाने आपल्याकडे एकही जर्सी छताला लागणार नाही. शिवाय ज्यांच्याकडून आपण ही रीत घेतो, ते तरी असे मापतात का? मायामीने मायकल जॉर्डनचा २३ नंबर बंद केला. जॉर्डन त्यांच्याकडून एक दिवसही खेळला नव्हता. सॅक्रॅमेंटोने सहा नंबर प्रेक्षकांच्या नावाने बंद केला. २०२२ साली बिल रसेलचा सहा सगळ्या एनबीएने मिळून बंद केला, तेवढा एक निर्णय मला समजतो. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे, आणि काळ्यांच्या हक्कांसाठी तो उभा राहिला तो खेळत असताना, निवृत्तीनंतर नव्हे.

माझे माप बेडशाचे आहे: खेळाडूने मागे काही चालू ठेवले का, आणि ते वापरणारी माणसे त्याचे नाव घेतात का? हे माप घेऊन महाराष्ट्रात फिरले की पाय आपोआप मुंबईत नागपाड्याकडे वळतात. अमेरिकन मराठी मिशनने १९२०च्या दशकात तिथे नेबरहूड हाउस काढले. क्लिफर्ड मॅनशार्ट त्याचे संचालक होते, आणि १९३६ साली आजची टाटा समाजविज्ञान संस्था सुरू झाली तीही याच वास्तूत. दाटीवाटीची कामगारवस्ती, तीत हा परका खेळ रुजला आणि पिढ्यानपिढ्या राहिला. गुलाम अब्बास मुंतसिर हे तिथलेच. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. महाराष्ट्रात पहिली जर्सी टांगायची असेल तर ती मुंतसिरांची, आणि टांगायची नागपाड्यातच. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ती जाहिरातींच्या फलकांत हरवेल.

दुसरे नाव सुचवतो ते ऐकून नियमावलीवाले कपाळाला हात लावतील. बच्चू खान प्रशिक्षक होते, आणि त्यांची ओळख जर्सीची नाही, शिट्टीची. नागपाड्यातल्या महापालिकेच्या मैदानाला त्यांचे नाव आहे. मैदानाला नाव दिले म्हणून ते कोणी बंद केले नाही. पोरे तिथे खेळतात. सामडिनिकेच्या टाक्याच्या इतका जवळचा सन्मान मला दुसरा दिसत नाही, आणि तो कोणा अमेरिकनाला विचारून झालेला नाही.

पुण्याचेही एक नाव या यादीत यायचे आहे. शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिली आहे. तिची वेळ येईल तेव्हा निर्णय पुण्याच्या कोर्टवर, तिला पाहून चेंडू हातात घेतलेल्या मुलींनी घ्यावा. दिल्लीचे पत्रक मागून आले तरी चालेल.

राहता राहिली ती एक व्यवहाराची अडचण. टांगायच्या जर्सीवर नंबर कोणता घालायचा? आपल्याकडे शाळा-कॉलेजात आणि पुढेही जर्सींचा गठ्ठा यायचा, त्यात चार नंबर लहान मापाचा आणि पंधरा मोठ्या मापाचा. ज्याला जो बसेल तो त्याचा. अशा रीतीने खेळलेल्या माणसाचे कारकिर्दीत तीन-चार नंबर सहज निघतील. यावर तोड बोस्टनच्या जिम लॉस्कुटॉफने काढून ठेवली आहे. १८ नंबर बंद करायचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, नको, पुढच्या कोणाला तरी घालू द्या. म्हणून त्याच्या झेंड्यावर आकडा नाही, ‘लॉस्की’ एवढे टोपणनावच आहे. तो नंबर पुढे डेव्ह कावन्सने घातला, आणि असा खेळला की बोस्टनने शेवटी कावन्सच्या नावाने १८ बंद करून टाकलाच. लॉस्कुटॉफचे त्यांनी एकदा ऐकले होते, दुसऱ्यांदा ऐकले नाही. नागपाड्याने दोन्ही वेळा ऐकावे.