बुडीत खाते

वसुलीची आशा संपली की येणे ‘बुडीत’ लिहून खाते बंद करावे, असे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवितात. न्यायाचे खाते मात्र असे बंद करू नये, असे माझे मत आहे.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू पाहा. १९५९ साली किचे या माया आदिवासी समाजात त्या जन्मल्या. लष्करी दडपशाहीविरुद्ध दाद मागायला राजधानीत आलेले शेतकरी जानेवारी १९८० मध्ये स्पेनच्या वकिलातीत शिरले. पोलिसांनी धाड घातली, आग भडकली, ३७ जण मेले. त्यांत रिगोबेर्तांचे वडील होते. सरकारने दोष आंदोलकांवरच ढकलला. त्याच वर्षी त्यांच्या आईलाही पळवून, हाल करून मारले. रिगोबेर्तांनी मेक्सिकोत आश्रय घेतला. १९९२ साली शांततेचे नोबेल मिळाले, तरी त्या थांबल्या नाहीत. खटल्यात सह-फिर्यादी झाल्या. अखेर २०१५ साली, ३५ वर्षांनी, ग्वाटेमालाच्याच न्यायालयाने एका माजी पोलीस अधिकाऱ्यास त्या जळितकांडाबद्दल ४० वर्षांची शिक्षा दिली.

‘जुनी मढी उकरून काय मिळाले?’ असे कोणी विचारील. आईवडील परत आले नाहीत, हे खरेच. पण अपराधी कोण, ही चुकीची नोंद तरी दुरुस्त झाली.