इमारतीची नाडी पाहायची की स्ट्रेस टेस्ट करायची?

वाळूजच्या एका कारखान्यात काम करणारा माझा जुना रुग्ण परवा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत फ्लॅटचे माहितीपत्रक होते. बजाजनगरमध्ये घर घ्यायचे चालले आहे. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हापासून मराठवाड्यात भूकंपाचा विषय निघाला की लोक कान टवकारतात. माहितीपत्रकावर ‘भूकंपरोधक’ असे ठळक छापलेले. ‘‘डॉक्टरसाहेब, बिल्डर म्हणतो कॉम्प्युटरवर भूकंप करून पाहिलाय. खरं असतं का हे?’’

खरे असते. मात्र कोणत्या पद्धतीने करून पाहिला, हे विचारायला हवे. छातीत दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाची आम्ही अँजिओग्राफी करत नाही आणि प्रत्येकाला नुसती नाडी पाहून घरीही पाठवत नाही. इंजिनिअरचेही तसेच आहे. सर्वांत सोपी ती स्थिर पद्धत. इमारतीच्या वजनाचा ठरावीक हिस्सा आडवा जोर म्हणून लावायचा आणि खांब-तुळया तो पेलतात का, ते पाहायचे. त्यापुढची पद्धत, इमारत किती प्रकारे डोलू शकते हे शोधून प्रत्येक डोलण्याचा जास्तीत जास्त ताण काढते. सर्वांत खोल तपासणीत प्रत्यक्ष नोंदलेला भूकंप क्षणाक्षणाने इमारतीला ‘दिला’ जातो. हिला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. शिवाय भूकंपाची नोंद चुकीची निवडली तर उत्तरही चुकीचेच येते.

सोपी पद्धत म्हणजे हलगर्जीपणा, असे मात्र नाही. आपले शहर झोन २ मध्ये येते. आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार झोन २ मधल्या, १५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या ‘नियमित’ इमारतीला स्थिर पद्धत चालते. गोम आहे ती ‘नियमित’ या शब्दात.

सोपी पद्धत कुठे फसते, ते महाराष्ट्राने कोयनेत पाहिले आहे. १०३ मीटर उंचीचे हे धरण स्थिर पद्धतीने आखले होते. आडवा जोर वजनाच्या पाच टक्के धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा धरणातल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेने नोंदवलेला हादरा गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा होता. धरण टिकले, पण वरच्या भागात, उतार बदलतो त्या मानेशी, तडे गेले. जुन्या हिशेबात तिथे काळजीचे कारणच दिसत नव्हते. धरण हलताना त्याचा माथा पायापेक्षा कितीतरी जोरात झोकांडतो, हे त्या हिशेबात नव्हतेच. १९७३ मध्ये अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी डोलण्याचा हिशेब करून पाहिला, तेव्हा ताण नेमका त्या मानेशीच एकवटलेला दिसला. पडून असताना काढलेला ईसीजी अगदी स्वच्छ आणि जिना चढताच छातीत कळ, असा रुग्ण आम्हाला दर महिन्याला भेटतो.

बजाजनगरात धरण नाही, पण खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशा इमारती आहेत. त्यांची मान तळाशी असते. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती पार्किंगच्या मजल्यावर बसल्या. इथे आणखी एक मेख आहे. कॉम्प्युटरमध्ये पुष्कळदा फक्त खांब-तुळया भरतात, विटांच्या भिंती वगळतात. मग पडद्यावर सगळे मजले सारखेच लवचिक दिसतात आणि तळमजल्याचा अशक्तपणा झाकला जातो. अशा वेळी पद्धत कितीही महागडी वापरा, रुग्णाने अर्धीच लक्षणे सांगितल्यासारखे होते.

किल्लारीत तर कॉम्प्युटरची गरजच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ला मी वैद्यकीय विद्यार्थी होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड माळवदाखाली सापडलेल्यांपैकी काही ढिगाऱ्यातून जिवंत निघतात आणि चिरडलेल्या स्नायूंचे विष मूत्रपिंडात उतरून दोन दिवसांनी दगावतात, हे पुस्तकात होते. त्याचा अर्थ तेव्हा कळला. त्या भिंतींना बांधणारे आरपार दगड हवे होते. किल्लारी तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. २००२ मध्ये ते झोन ३ मध्ये गेले. नकाशाही बदलतो, म्हणून झोन २ ऐकून मी फार निर्धास्त होत नाही.

रुग्णालयांसाठी मानक दीडपट जोर धरायला सांगते, कारण भूकंपानंतर ती उभी राहून चालत नाही, चालू राहावी लागतात. पण ऑक्सिजनची पाइपलाइन आणि गच्चीवरची टाकी त्या हिशेबात कोणी तपासली का, हे मी जिथे जाईन तिथे विचारतो. उत्तर क्वचितच मिळते.

त्या रुग्णाला केसपेपरच्या मागे लिहून दिले: खाली पार्किंग आहे का, डोलण्याचा हिशेब केला का, त्यात भिंती धरल्या का, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही कुठे आहे. पुढच्या खेपेला उत्तरे घेऊन येतो म्हणाला. गोळ्या महिन्याभराच्या दिल्या आहेत.