जुन्या स्कूटरला कोणता प्लग?

स्कूटर एका बाजूला कलती करायची, दोन क्षण तशीच धरायची, मग सरळ करून किक मारायची. आठ-दहा किका होऊनही इंजिन बोलले नाही, की दारात डबा घेऊन उभी असलेली गृहिणी समजून आत जाई आणि घरधनी डिकीतला प्लग-पाना काढी. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा बसवायचा. "प्लगात कचरा आला" हे वाक्य त्या काळी उशिरा कामावर पोहोचण्याचे सर्वमान्य कारण होते.

भिलईच्या सेक्टरांतून आणि अहिवाऱ्याजवळच्या नंदिनी खाणींच्या परिसरात हे दृश्य कैक वर्षे रोजचे होते. भिलईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या भट्ट्यांना लागणारी चुनखडी नंदिनीच्या खाणींनी पुरवली. कारखान्यापाठोपाठ नागपूर, भंडारा, गोंदियाकडची अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त या भागात स्थिरावली. नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली बजाजची स्कूटर ही यांतल्या कित्येक घरांतली पहिली मोठी खरेदी. चेतक आणि लुना या दोघी १९७२ मध्ये बाजारात आल्या. लखनौची विजय सुपर, एस्कॉर्ट्सची राजदूत, म्हैसूरची येझदी ही त्यांचीच भावंडे. सगळी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून पिणारी.

आता बाबा निवृत्त झाले आहेत, स्कूटर मात्र ओसरीत उभी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेण्याची दगदगही काही घरांनी सोसली आहे. अशा स्कूटरला भंगाराच्या दुकानाचा रस्ता दाखवायला बहुतेक वेळा फार मोठा बिघाड लागत नाही. चुकीचा प्लग पुरतो.

हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. प्लगच्या टोकाशी पांढऱ्या चिनी मातीची नळी असते. चालत्या इंजिनात ती साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापली, तर तिच्यावर साचणारी काजळी आपोआप जळून जाते. त्याहून थंड राहिली तर काजळी साठते, ठिणगी तिच्यातून चोरवाटेने निसटते आणि "प्लग शॉर्ट" होतो. उलट नळी साडेआठशे अंशांच्या पुढे गेली, तर तीच निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगी पडण्याआधीच पेट्रोलची वाफ पेटवते. पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर स्फोट होऊ लागतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सुमारे ६६० अंशांना वितळणारा. काही मैलांत त्याला भोक पडू शकते.

प्लग "गरम" की "थंड" हे या नळीच्या लांबीवर ठरते. नळीचा तापणारा भाग लांब असेल, तर उष्णतेला बाहेर पडायला वेळ लागतो. हा गरम प्लग. आखूड असेल, तर उष्णता लवकर डोक्याच्या धातूत उतरते. हा थंड प्लग. गरम प्लगची ठिणगी जोरदार असते, ही समजूत मात्र अगदी चुकीची आहे. ठिणगीच्या जोराचा याच्याशी काहीही संबंध नाही.

आता खरी मेख. हा गरम-थंडपणा प्लगवर आकड्याने छापलेला असतो आणि प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळ्या दिशेने चालतो. एनजीकेचा आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. म्हणजे ८ हा ६ पेक्षा थंड. बॉशच्या हल्लीच्या खुणेत नेमके उलटे; ५ हा ७ पेक्षा थंड. चॅम्पियनमध्येही एकाच मालिकेत लहान आकडा थंड; एल ८२ हा एल ८६ पेक्षा थंड. आणि यावर कडी म्हणजे, बॉशच्याच जुन्या खुणेत मोठा आकडा थंड असे. २२५ हा १७५ पेक्षा थंड. जुना १७५ म्हणजे नवा ७, आणि जुना २२५ म्हणजे नवा ५.

आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. बंगळूरला १९५१ मध्ये स्थापन झालेली मायको ही बॉशचीच भारतातली कंपनी; २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. मिस्त्रीच्या तोंडी अजूनही "मायको" असते, आणि जुन्या पुस्तिकेतही मायकोचा तीन आकडी नंबर असतो. दुकानात मात्र एक आकडी नंबराचा प्लग मिळतो. दुकानदाराकडे त्या दिवशी जो असेल तो काउंटरवर येतो. "काका, चूडी बसते ना? मग चालते," असे म्हटले की काकाही मान डोलावतात.

चूडी बसणे एवढेच पुरेसे नाही, हे सांगायलाच हवे. व्हेस्पा-चेतक घराण्याच्या इंजिनाला १४ मिलिमीटर व्यासाची, पण आखूड, १२.७ मिलिमीटर लांबीची चूडी लागते. मोटारगाड्यांच्या अनेक प्लगांचा व्यास तोच, पण चूडी १९ मिलिमीटर लांब. असा प्लग आखूड भोकात घातला, तर त्याचे टोक आत घुसते आणि वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो. एनजीकेच्या नंबरातले एच हे अक्षर आखूड चूडीचे आणि ई हे लांबीचे. बॉशच्या नव्या खुणेत ए आखूड, डी लांब. जुना प्लग दुकानात सोबत नेऊन नव्याशेजारी उभा धरला, तर ही चूक होतच नाही.

अहिवाऱ्यासारख्या ठिकाणी स्कूटरची खरी परीक्षा वेगळीच असते. खाणीच्या पट्ट्यात धूळ बारीक आणि भरपूर. एअर फिल्टर तिने चोंदला की इंजिनाला हवा कमी पडते, पेट्रोल जास्त जाते आणि प्लग काळाकुट्ट होतो. त्यातून स्कूटर वापरायची ती बाजारापर्यंत आणि नातीच्या शाळेपर्यंत. इंजिन पुरते तापायच्या आत घर येते. दर आठवड्याला प्लग घासून कंटाळलेल्या माणसाला मग कोणीतरी सल्ला देतो, "जरा गरम प्लग टाका." टाकला की खरोखरच गुण येतो. महिनाभर प्लग काढावा लागत नाही आणि सल्ला देणाऱ्याचा भाव वाढतो.

पण मे महिन्यात एखाद्या दिवशी दोघांना भिलईला सेक्टर ९ च्या इस्पितळात जायचे असते. डोक्यावर ऊन, मागे माणूस, हातात पुरता उघडलेला अॅक्सिलरेटर आणि मोकळा रस्ता. गावात बरोबर वाटलेला तो गरम प्लग आता लाल होतो. स्कूटरची ओढ कमी होते, टकटक आवाज येतो आणि इंजिन मधल्याच रस्त्यात गप्प होते. मग येते पिस्टन, रिंगा, बोअर आणि मजुरीचे बिल, आणि जुन्या गाडीचा पिस्टन मिळायचा तर आधी शोध. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. मूळ दुखणे होते एअर फिल्टरचे. त्याला धुवायला काही रुपयांचे पेट्रोल लागले असते.

आजच्या पेट्रोलमुळे तर अधिकच जपायला हवे. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्ब्युरेटरची मांडणी निव्वळ पेट्रोलसाठी केलेली, त्यामुळे मिश्रण थोडे पातळ होते आणि इंजिन थोडे अधिक तापते. अशा वेळी गरम प्लगकडे वळणे म्हणजे आगीशेजारी काडेपेटी ठेवणे. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या स्कूटरच्या टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

म्हणून प्लग काळा होतो आहे असे दिसले, तर आधी फिल्टर, मग ऑईलचे प्रमाण पाहावे. चेतकला दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. "जरा जास्त घाला, इंजिन टिकेल" या प्रेमानेही प्लग तेलकट होतात. मग पॉइंट आणि कार्ब्युरेटर. एवढे करूनही भागले नाही आणि स्कूटर गावाबाहेर जाणारच नसेल, तरच पुस्तिकेतल्या नंबरापेक्षा एकच पायरी गरम प्लग घ्यावा. लांबच्या प्रवासाआधी मूळ नंबर परत बसवावा. रस्त्यावर तीन-चार किलोमीटर चांगल्या वेगाने चालवून, इंजिन बंद करून, निवल्यावर प्लग काढला तर तो स्वतःच बोलतो. कॉफीच्या पावडरीसारखा तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओला, तेलकट असेल तर ऑईल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढराफटक आणि वर बारीक मणी दिसले, तर त्याच पावली स्कूटर मिस्त्रीकडे न्यावी, आणि तीही ढकलत.

ही कहाणी स्कूटरपुरती नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाला आणि होडीच्या मागे लावायच्या आऊटबोर्ड इंजिनालाही हेच नियम. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड याने अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९०९ मध्ये आऊटबोर्ड इंजिने विकायला सुरुवात केली. त्याच्या नावाची इंजिने २०२० पर्यंत बनत होती. जुनी आऊटबोर्ड जपणारे हौशी लोक आजही याच कोड्याशी झगडतात. पुस्तिकेतला नंबर बाजारातून गेलेला, गळ टाकून संथ फिरताना प्लग काळा होणारा, आणि भरधाव परतताना गरम प्लगने पिस्टन जाणारा. अहिवाऱ्याचा बाजार आणि भिलईचा रस्ता, तसेच हे.

प्लग बसवताना तो आधी हाताने, पाना न लावता शेवटपर्यंत फिरवावा. अडला तर उलटा काढून पुन्हा लावावा, जोर करू नये. अॅल्युमिनियमच्या डोक्यातली चूडी एकदा गेली की खर्च आलाच. नवा वायसर असेल तर पुढे पान्याने साधारण अर्धा फेरा, जुना असेल तर त्याहूनही कमी. गॅप पुस्तिकेप्रमाणे, फिलर गेजने. जुन्या मॅग्नेटोच्या बहुतेक टू-स्ट्रोकना ती अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. वाळूच्या फवाऱ्याने प्लग साफ करून देतात तो मोह टाळावा, कारण आत अडकलेला एखादा कण बोअरवर ओरखडा काढतो. पितळी ब्रश आणि थोडे पेट्रोल पुरे. आणि योग्य ठरलेल्या प्लगचा पूर्ण नंबर, अक्षरांसकट, एका कागदावर लिहून डिकीच्या झाकणाला आतून चिकटवावा. उद्या मुलगा किंवा सून दुकानात गेली, तर दुकानदाराने पुढे केलेला प्लग त्या कागदाशी ताडून पाहता येईल.