सर्वांना जेवता येईल असे मेज



"देवाच्या घरचं आहे, एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?" हे वाक्य आपण प्रेमाने बोलतो. तरीही ते आपल्या धर्मग्रामातून कायमचे जावे, असे मला वाटते.

आमच्या बेळगावकडच्या एका शाळकरी मुलीला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. यंदा पावसाळ्यात तिला सिलिअ‍ॅक रोगही असल्याचे कळले. हे दोन आजार अनेकदा जोडीने येतात. दोन्हींत शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटते. एकात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर, दुसऱ्यात गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरावर. म्हणून टाइप १ असलेल्यांची सिलिअ‍ॅकसाठी रक्ततपासणी करतात. तपासणी होईपर्यंत मात्र गहू बंद करायचा नसतो, नाहीतर निदान हुकते.

तिच्या आईच्या स्वयंपाकघरात आता दोन पथ्ये एकमेकांशी भांडतात. चपाती गेली म्हणून भात वाढवावा, तर साखर चढते. 'ग्लुटेन-फ्री' बिस्किटांत गहू नसला तरी तांदळाचे पीठ आणि साखर असतेच. जोंधळा आणि नाचणी आधाराला आहेत; पण गिरणीत आधी गहू दळला असेल, तर तो जोंधळ्याच्या पिठात उतरतो. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. शिवाय आतडे बरे होऊ लागले, अन्न अंगी लागू लागले, की इन्सुलिनचे प्रमाण डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावे लागते. एवढा हिशेब सांभाळून ती माउली लेकीला मिस्सेला आणते, आणि आपण तिच्या हातात समोसा ठेवून आग्रह करतो.

कोणी म्हणतात, "विश्वासाने खा, प्रभू सांभाळील." पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतान म्हणाला तेव्हा प्रभूने उडी घेतली नाही. देवाची परीक्षा पाहणे म्हणजे विश्वास नव्हे. पथ्य पाळणे हीसुद्धा देवाने दिलेल्या शरीराची राखण आहे.

मग ख्रिस्तप्रसादाचे काय? कॅथोलिक शिकवणीप्रमाणे भाकर गव्हाचीच हवी. पूर्णपणे ग्लुटेनविरहित भाकर चालत नाही. परंतु अगदी कमी ग्लुटेनची भाकर ग्राह्य आहे, हे व्हॅटिकनने 2003 मध्ये कळवले आणि 2017 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तीही सोसत नसेल, तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. एकाच रूपातही संपूर्ण ख्रिस्त आहे, त्यामुळे कोणाला काही कमी मिळत नाही. मात्र मुख्य चषकात भाकरीचा कण टाकला जातो, म्हणून अशा व्यक्तीसाठी चषक वेगळा हवा. कमी ग्लुटेनची भाकरही वेगळ्या पात्रात असावी, आणि इतर भाकरींना लागलेल्या हातांनी ती देऊ नये.

ही तयारी कोणी करायची? आजाऱ्याने दर रविवारी भीड सोडून मागायची की आपण आधीच विचारायचे? माझ्या मते विचारणे हे आपले, सेवकांचे काम आहे. फादरांशी आणि त्या कुटुंबाशी एकदा बोलून ठेवावे. चहाच्या मेजावर उकडलेली अंडी आणि घरी भाजलेले शेंगदाणे वेगळ्या ताटात, वेगळ्या चमच्याने ठेवावेत. मिस्सा चालू असताना कोणाची साखर उतरली आणि त्याने ग्लुकोज तोंडात टाकले, तर वळून पाहू नये. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासातून आजारी माणसांना धर्मसभेच्या कायद्यानेच मोकळीक दिली आहे.

"एकीसाठी एवढा खटाटोप?" असे विचारणाऱ्यांनी करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 11 उघडून वाचावा. तिथे प्रभुभोजनाला जमलेल्यांत काहीजण भरपेट जेवत होते आणि काही उपाशी राहत होते. पौलाने दोष उपाशी राहिलेल्यांना दिला नाही. जे त्यांच्यासाठी थांबले नाहीत त्यांना दिला. एकमेकांसाठी थांबा, हीच त्याची शिकवण होती.

या रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या कुटुंबाला एवढेच विचारू या : तुम्हाला काय चालते? आणि ते सांगतील त्यावर आग्रह न करता विश्वास ठेवू या.

प्रभू आपणा सर्वांना एका मेजावर बसवो. आमेन.