पट्टी मंद, ट्रान्झिस्टर मात्र तापलेला

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात, पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात, मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत घडलेल्या 'विक्रम' या ३२-बिट प्रोसेसरचे दिल्लीत जाहीर कौतुक झाले. दोन्ही बातम्या आनंदाच्याच. परंतु शाळेतल्या टेबलापासून मोहालीपर्यंतच्या वाटेवर एक कौशल्य लागते, आणि त्याचा उल्लेख दोन्ही बातम्यांत नाही: बिघडलेले मंडल का बिघडले, हे शोधून काढणे.

शाळकरी प्रकल्पांत हमखास भेटणारे एक मंडल घ्यावे. १२ व्होल्टची एक मीटर एलईडी पट्टी, ईएसपी ३२ हा मायक्रोकंट्रोलर आणि मध्ये स्विच म्हणून बाजारात सहज मिळणारा आयआरएफ ५४० हा मॉस्फेट. जोडणी पुस्तकाप्रमाणे बरोबर, दोन्ही वीजपुरवठ्यांचे ग्राउंड एकत्र जोडलेले (ते विसरले, तर पुढचे सारे व्यर्थ). प्रोग्राम पूर्ण प्रकाशाची आज्ञा देतो. पट्टी मात्र मिणमिणते आणि मॉस्फेटला हात लावला तर चटका बसतो.

अशा वेळी 'पार्ट खराब आहे' हे निदान देशभर लोकप्रिय आहे. दुसरा मॉस्फेट बसवला जातो. एखादे वेळी तो चालतोही, कारण एकाच क्रमांकाचे दोन नग गेटच्या दाबाला सारखाच प्रतिसाद देतीलच असे नाही. मग निदान बरोबर ठरल्याचा समज पक्का होतो.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर वेगळीच हकीकत सांगतो. ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये दाब मोजला आणि तो २ व्होल्ट भरला, असे समजू. म्हणजे पट्टीच्या वाट्याला १० व्होल्टच उरले. पट्टीत तीन-तीन एलईडींच्या साखळ्या असतात. पांढऱ्या एलईडींच्या साखळीला सुमारे ९ व्होल्ट लागतात आणि एरवी उरलेले ३ व्होल्ट रोधक घेतो. आता रोधकाला १ व्होल्टच मिळतो, म्हणून प्रवाह एक तृतीयांश होतो. मीटरभर पट्टीला एरवी १.२ अँपिअर प्रवाह लागत असेल, तर आता ०.४ अँपिअरच वाहतो. तरीही २ व्होल्ट गुणिले ०.४ अँपिअर, म्हणजे ०.८ वॅट उष्णता मॉस्फेटमध्ये जिरते. तोच मॉस्फेट पूर्ण उघडला असता, तर सुमारे ०.०४४ ओहम रोधामुळे ती ०.०७ वॅटच्याही खाली राहिली असती. प्रवाह एक तृतीयांश आणि उष्णता दहापटीहून अधिक! एवढे एक मोजमाप करून पाहणाऱ्या मुलीला ओहमचा नियम पुन्हा शिकवावा लागत नाही.

दोष सुट्या भागात नाही, तो त्याच्या माहितीपत्रकाच्या वाचनात आहे. त्यात 'थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट' असे छापलेले असते. वाचणारा २ हा आकडा उचलतो आणि ईएसपी ३२ चे ३.३ व्होल्ट पुरेसे मानतो. पण थ्रेशोल्ड म्हणजे मॉस्फेट जेमतेम किलकिला होण्याचा दाब. तो २५० मायक्रोअँपिअर प्रवाहाला मोजलेला असतो. कमी रोधाची ग्वाही दिलेली असते ती गेटवर १० व्होल्ट असताना. ही अट त्याच पानावर, शेजारच्या रकान्यात छापलेली असते.

उपाय दोन आहेत. अडीच व्होल्टला रोधाची ग्वाही देणारा मॉस्फेट निवडावा; किंवा गेट १० किलोओहमच्या रोधकातून १२ व्होल्टला जोडून, बीसी ५४७ सारख्या छोट्या ट्रान्झिस्टरकरवी ते खाली ओढावे. दुसऱ्या उपायात आज्ञा उलटते: शून्य म्हणजे पूर्ण प्रकाश. प्रोग्राममध्ये हे विसरले, की नवा गोंधळ ठरलेलाच.

तयार मॉड्यूल आणले तर हा सारा खटाटोप वाचेल, असे म्हणणाऱ्यांचे अगदीच चुकत नाही. प्रत्येकाने प्रत्येक वेळी मुळाशी जावे, असा आग्रह धरता येत नाही. पण स्वस्त मॉड्यूलवर बहुधा आयआरएफ ५२० हा त्याच कुळातला मॉस्फेट असतो, आणि ३.३ व्होल्टवर तोही असाच अर्धवट उघडतो. विकत आणलेले उत्तर बिघडले की प्रश्न पुन्हा समोर येतोच, फक्त प्रदर्शनाच्या आदल्या रात्री.

नव्या प्रयोगशाळांच्या खर्चाचा हिशेब मांडताना यंत्रे मोजली जातील, थ्रीडी प्रिंटर मोजले जातील. मूल्यमापनाची पद्धत ठरवण्याची संधीही आत्ताच आहे. उजळलेल्या प्रतिकृतीला गुण देणे सोपे असते. पण ती कुणी उजळवली, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी वर्षातून एकदा प्रत्येक गटाला मुद्दाम बिघडवलेले मंडल द्यावे. एकात ग्राउंडची तार तुटलेली, एकात बीसी ५४७ च्या जागी उलट क्रमाच्या पायांचा ट्रान्झिस्टर बसवलेला, एकात गेटला खाली ओढणारा रोधक काढून घेतलेला, म्हणजे मायक्रोकंट्रोलर सुरू होताना पट्टी आपोआप लुकलुकेल. सोबत एक मल्टिमीटर, एक माहितीपत्रक आणि कोरा कागद. गुण पट्टीच्या प्रकाशाला नकोत. कोणत्या दोन बिंदूंमध्ये काय मोजले आणि त्यावरून काय ताडले, हे कागदावर लिहिलेले असेल, त्याला ते द्यावेत.