लेसकरणीचे तास

वोलोग्दाच्या लेसविषयी लिहिताना हिमकणांची उपमा देण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. उत्तर रशियातील लांबलचक हिवाळा, खिडकीच्या काचेवर गोठलेली नक्षी आणि तीच नक्षी जवसाच्या पांढऱ्या सुतात उतरवणारी शेतकरी स्त्री, असे ते चित्र. चित्र मनोहर आहे. पण ती स्त्री किती तास बसली होती आणि तिच्या पदरात काय पडले, याचा हिशेब त्यात नसतो.

लेस बाजारात जाण्याच्या कितीतरी आधीपासून रशियन शेतकऱ्याच्या घरात कापड सजत आले होते. मुलगी लहानपणापासूनच आपल्या लग्नाच्या तयारीला लागे. देवघराच्या कोपऱ्यात संतांच्या चित्रांवर घालायचे लांब टॉवेल, पलंगाच्या झालरी, टेबलावरची वस्त्रे आणि त्यांच्या टोकांना तांबड्या दोऱ्याने भरलेले घोडे, पक्षी, हात उंचावलेली स्त्री. लग्नात हे सारे मांडले जाई. मराठी वाचकाला रुखवत आठवावे असाच तो प्रकार. व्लादिमिर स्तासोव्ह यांनी १८७२ साली या नक्षीचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे त्या उंच हातांच्या स्त्रीत प्राचीन भूदेवी पाहणारे विद्वानही निघाले. ती देवी असेल वा नसेल. जवस कुजवणे, कुटणे, विंचरणे, कातणे आणि मग विणणे, हे करणारे हात मात्र देवीचे नव्हते, आणि त्या कामाला कोणी मजुरी म्हटले नाही.

१८६१ साली भूदासप्रथा संपली. जमीनदारांच्या वाड्यांवर भूदास मुलींकडून करवून घेतली जाणारी लेस त्यानंतर खेड्यापाड्यांत पसरली. लोडासारख्या उशीवर नक्षीचा कागद टाचायचा, टाचण्या रोवायच्या आणि लाकडी बॉबिनच्या जोड्या एकमेकींवरून फिरवीत सुताला पीळ देत जायचे. अवजारे स्वस्त, जागा घरातलीच. शेतीवर न भागणाऱ्या कुटुंबांना दुसरे काय हवे होते? वोलोग्दा प्रांतात १८९३ साली सुमारे ४,००० स्त्रिया हे काम करीत. १९१२ पर्यंत ही संख्या ३९,००० च्या घरात गेली. याला कलेचा बहर म्हणणाऱ्यांनी तो बहर कोणत्या मातीत आला, हेही सांगावे.

चार वार लेस घेऊन शहर गाठणे खेड्यातल्या बाईला परवडत नसे. तिच्यासाठी ते काम दुसरीच कोणी करी आणि हळूहळू भाव ठरवण्याचा अधिकारही त्या दुसरीकडे जाई. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या रशियातील भांडवलशाहीवरील ग्रंथात लेनिन यांनी मॉस्को प्रांतातील लेसधंद्याचे उदाहरण घेतले, ते यासाठीच. तिथल्या व्यापारिणी बाहेरून आल्या नव्हत्या. त्या लेसकरणींमधूनच वर आल्या होत्या. शोषक म्हणजे परका, असे मानून निर्धास्त होणाऱ्या कार्यकर्त्याने हे उदाहरण पुन्हा वाचावे.

१९३० साली वोलोग्दात लेसकामाच्या सहकारी मंडळ्यांचा संघ उभा राहिला. १९३७ साली पॅरिसच्या आणि १९५८ साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात या लेसने सर्वोच्च सन्मान मिळवले. व्यापारीण गेली, हे लहान यश नव्हे. पण १९६० साली सोव्हिएत सरकारने कारागिरांच्या सहकारी संस्थाच सरकारी उद्योगात विलीन करून टाकल्या. सभासद होती ती कामगार झाली. निदान कागदावर तरी सभेत हात वर करण्याचा जो हक्क होता, तो गेला आणि त्याबद्दल फारसा गलबला झाला नाही. समाजवाद्यांना ही गोष्ट टोचली पाहिजे. पदक मिळाले म्हणून मत काढून घेतल्याची भरपाई होत नाही.

हा केवळ रशियाचा प्रश्न नाही. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी आंध्रातील नरसापूरच्या लेसकामाचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला. दिवसाचे सहा-आठ तास निर्यातीच्या लेसला देणाऱ्या तिथल्या बायका सर्वांच्या लेखी घरी बसणाऱ्या गृहिणीच होत्या. लेस म्हणजे त्यांचा रिकामा वेळ!

२०१० साली वोलोग्दात लेसचे खास संग्रहालय उघडले. असे संग्रहालय कुठेही असो, नक्षीच्या वर्णनाशेजारी त्या तुकड्याला किती तास लागले आणि त्या तासांना काय दाम मिळाला, हे दोन आकडे लिहायला फार मोठी पाटी लागणार नाही.